लाखेतले दहा सेकंद

प्रल्हाद राखोंडे यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास ते जिल्हा न्यायालयाच्या मुद्देमाल खोलीत बोलले.

"बैस, बैस, बैस," ते म्हणाले.

त्यांची मुलगी रेणुका टेबलाशी उभी होती. हातातला चहाचा कप तिनं खाली ठेवला, पण टेबलाच्या पलीकडे, आणि तो फुटला. यंत्रासमोर बसलेल्या तौसिफनं कानावरचे हेडफोन काढून तिच्याकडे पाहिलं.

"ओळखीचं आहे का कुणी, मॅडम?"

"माझे वडील," रेणुका म्हणाली. "परत लाव."

प्रल्हाद राखोंडे या खोलीचे कारकून होते, बावीस वर्षं. खुनातले कोयते, चोरीतल्या सायकली, मारामारीतल्या काठ्या, रक्ताचे कपडे, सगळं पोलीस इथं आणून देत, आणि निकाल लागेपर्यंत, अपील संपेपर्यंत, कधी कधी सगळे विसरून जाईपर्यंत ते इथं पडून राही. नोकरीत असतानाच राखोंडे बाबू हृदयविकारानं गेले. अनुकंपा तत्त्वावर मुलीला नोकरी मिळाली. तीच खुर्ची, तोच किल्ल्यांचा जुडगा आणि पाकिटावर लाख ओतली की दाबायचा तोच पितळी शिक्का. बाबूंना एक सवय होती. लाखेवर शिक्का दाबून धरला की ते लाखेला बजावत, "बैस, बैस, बैस." बैलाला बसवतात तसं. ऑफिस हसायचं. बाबूही हसायचे आणि पुढच्या पाकिटाला परत तेच म्हणायचे.

तौसिफ देशमुख सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून ते यंत्र घेऊन आला होता. त्याचं सरकारी नाव दीड ओळ लांब होतं. कोर्टातले सगळे त्याला 'कान' म्हणत.

शोध तसा अपघातानंच लागला होता. लाख वितळली की मधासारखी असते. थेंब कापडावर पडला की आधी बाहेरची साय धरते, मग आत, मग आणखी आत. मोठा थेंब पुरता घट्ट व्हायला दहा-अकरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात खोलीत जो आवाज होतो त्यानं हवा थरथरते, आणि हवेबरोबर लाख थरथरते. ज्या क्षणी जो थर आळत असेल, त्या क्षणाची थरथर त्या थरात गोठून राहते. बाहेरून आत, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे हे थर असतात. 'कान' लाखेला हात न लावता क्ष-किरणांनी एकेक पापुद्रा वाचायचा आणि त्या थरथरीचा पुन्हा आवाज करायचा. सील शाबूतच राहायचं.

एक उणीव होती. बारीक थरथर लाख गिळून टाकते. शब्द उरतात, बोलण्याची चाल उरते, गळा उरत नाही. पुरुष असो, बाई असो, 'काना'तून सगळे एकाच आवाजात बोलत. पातळ, कोरडा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा आवाज. त्यामुळे सीलमध्ये कोण बोलतंय, हे यंत्र सांगू शकत नसे. ज्यानं त्या माणसासोबत आयुष्य काढलंय तोच ओळखणार.

वरच्या न्यायालयाचा आदेश होता की जे कैदी अजून तुरुंगात आहेत, त्यांच्या प्रकरणांतली जुनी सीलं ऐकून अहवाल द्यावा. या जिल्ह्यात अशी साडेतीन हजार सीलं निघाली. तौसिफचा मुक्काम चार महिन्यांचा ठरला.

पहिल्याच आठवड्यात कोर्टाचा रागरंग बदलला. एका फौजदाराच्या सीलमधून मटणाच्या डब्याची ऑर्डर निघाली. ते साहेब एव्हाना निवृत्त होऊन माळकरी झाले होते. दुसऱ्या सीलमध्ये एक पंच म्हणत होता, "सही कुठं करू? आत काय आहे ते नंतर दाखवा." त्या दिवसापासून बार रूममध्ये लोक हळू बोलायला लागले. जिथं चार वकील बसले की बाजार भरायचा, तिथं माणसं एकमेकांच्या कानाशी लागू लागली. आता लाखेला कान आहेत हे कळल्यावर भिंतींवर तरी विश्वास कसा ठेवायचा? मग परिपत्रक आलं. यापुढे सील करणाऱ्यानं लाख आळेपर्यंत वस्तूचा क्रमांक, तारीख आणि स्वतःचं नाव एवढंच मोठ्यानं म्हणायचं, इतरांनी तोंडातून अक्षर काढायचं नाही.

रेणुकाला वेगळंच काही होऊ लागलं होतं. मुद्देमाल खोलीत एक्केचाळीस हजार पाकिटं होती. दहा वर्षं ती त्यांच्यात एकटी वावरली होती, कधी काही वाटलं नव्हतं. आता संध्याकाळी दिवा मालवून कुलूप लावताना तिला वाटे, आपण बाहेर पडायची ही सगळी वाट पाहतायत. एकदा तिच्या तोंडून "येते" असं निघून गेलं. मग रोजच निघू लागलं.

वडिलांची सीलं मात्र ती अधाशासारखी ऐकायची. 'बैस, बैस, बैस' आलं की ती एकेक बोट दुमडून मोजायची. कधी त्याआधी "आज ऊन आहे बुवा" असायचं, कधी "धांडे, चहा सांग रे." तौसिफला लवकरच सगळं घरातल्यासारखं माहीत झालं. तिनं त्याला आपली सगळ्यात आवडती आठवणसुद्धा सांगितली.

"मी आठ वर्षांची असेन. दिवाळीची सुटी होती, कोर्ट बंद. बाबा मला इथं घेऊन आले. एवढी मोठी इमारत आणि आम्ही दोघंच. बाबांनी मला डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, उचल एक. मी उचललं. तर म्हणाले, शाब्बास! मग चिवडा खाल्ला आम्ही, तिथं त्या खिडकीत."

"काय उचललं होतं?" तौसिफनं विचारलं.

"ते कुठं आठवतंय. खेळ होता."

खेळाचं बक्षीस मिळाल्यासारखी ती हसली. हसताना डाव्या हाताची तर्जनी ओठांवर घासायची तिची सवय होती. त्या बोटाच्या टोकावर डाळीएवढा गुळगुळीत डाग होता. लहानपणी फुलबाजीनं भाजलं होतं.

आवाज घरी न्यायला बंदी होती. रेणुकानं ते फोनमध्ये भरून नेले. तिची आई, मंदाकिनीबाई, अकरा वर्षं कमी बोलायची. आता संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की ती पदराला हात पुसत येऊन बसे आणि विचारी, "आज काय म्हणाले?"

पहिल्या दिवशी आई रडली. दुसऱ्या दिवशी हसली. पंधरा-वीस दिवसांनी रेणुकाच्या लक्षात आलं की आई उत्तरं देतेय. फोनमधून कोरडा आवाज आला, "डोकं दुखतंय आज," तर आई म्हणाली, "सुंठ उगाळून देते, थांबा." आणि खरंच उठली. रेणुका म्हणाली, "आई, हे एकोणीस सालचं सील आहे." आई सहाण शोधत होती. "मग एकोणीस साली कोणी सुंठ दिली त्यांना?" ती म्हणाली. "तवा मले कुठं सांगितलं होतं?"

रेणुकानं फोनकडे हात नेला. पण आई आता दोन घास जास्त जेवत होती. तिनं फोन बंद केला नाही.

मुद्देमाल खोलीबाहेरच्या बाकावर बेबीबाई तिडके बसायच्या. त्या मजल्यावर तेवढाच एक पंखा चालत असे. पासष्टीच्या बाई, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत कागद. त्यांचा धाकटा भाऊ दौलत तिडके चोवीस वर्षं तुरुंगात होता. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असताना सोबतच्या रामेश्वर लहानेचा खून केल्याचा ठपका, जन्मठेप, आणि सवलत नाही, माफी नाही असं निकालातच लिहिलेलं. बेबीबाई महिन्यातून एकदा तुरुंगात जात आणि एकदा कोर्टात येत. काही तारीख असो वा नसो. रेणुका त्यांना पाणी देई.

"यंत्र आलं म्हणते, बाई," त्या एकदा म्हणाल्या. "माह्या भावाचं पाकीट बोललं का वं?"

"अजून नाही. नंबर यायचाय."

"येऊ दे. चोवीस वर्सं थांबली मी, आनखी काय." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्याले आता डोळ्यानं दिसत नाई बरोबर. मले आवाजावरून ओळखते."

दौलतचा खटला एका शर्टावर उभा होता. जिनिंगच्या सगळ्या कामगारांचे शर्ट सारखेच, खाकी. पोलिसांनी दोन जप्त केले. दौलतचा शर्ट आर्टिकल नंबर दहा, मेलेल्या रामेश्वरचा आर्टिकल नंबर अकरा. दोन्हींवर डाग होते. दौलतचं म्हणणं होतं, माझ्या शर्टावर माझंच रक्त आहे, हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला होता. पहिल्या तपासणीत काहीच ठरलं नाही. मग दौलतच्याच वकिलानं अर्ज केला की डीएनए करा, आणि न्यायालयानं दोन्ही पाकिटं इथून प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आला. दहा नंबरच्या शर्टावर रामेश्वरचं रक्त, अकरा नंबरच्या शर्टावर दौलतचं. झटापट झाली, एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं, असं सरकारी वकिलांनी सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं.

एका गुरुवारी दुपारी तौसिफनं आर्टिकल नंबर दहा 'काना'खाली ठेवलं. कापडावर लाखेचा मोठा थेंब, त्यावर कार्यालयाचा शिक्का. प्रयोगशाळेनं कापड बाजूनं कापून परत शिवलं होतं, सीलला धक्का लावला नव्हता. रेणुका नोंद लिहीत होती.

आधी खरखर. मग तो पातळ आवाज.

"...तेच दहा. बैस, बैस, बैस."

"बाबा," रेणुका हसत म्हणाली आणि तिनं एक बोट दुमडलं.

लगेच दुसरं कोणीतरी ओरडलं. त्याच पातळ, कोरड्या आवाजात. "आई गं!"

मग पहिला आवाज, घाईघाईनं. "गप, गप. आईला फुलबाजी सांग. फुलबाजी."

पुढे लाख आळली होती. शांतता.

तौसिफनं तीनदा ऐकून लिहून घेतलं. "दोन व्यक्ती. एकीला इजा. फुलबाजी, अर्थ लागत नाही," तो पुटपुटला. "काय असेल मॅडम? फुलबाजी?"

रेणुका आपल्या डाव्या तर्जनीकडे पाहत होती. पाकिटाची दोरी बांधताना गाठीवर कोणाला तरी बोट ठेवायला सांगतात, म्हणजे गाठ सैल पडत नाही. ती स्वतः रोज पट्टेवाल्या धांडेमामांना सांगायची, मामा, बोट धरा. त्या बोटावर लाख पडू शकते.

बारीक बारीक तुकडे परत यायला लागले. फरशीवर कागदाचा भुसा. उंदरांच्या लेंड्या. कुरतडलेलं कापड, नंबरांच्या चिठ्ठ्यांची चाळण. आणि त्या भुशात पडलेले दोन खाकी शर्ट, अगदी सारखे. बाबा त्यांच्यासमोर उकिडवे बसलेले, दोन्ही हात डोक्याला लावून. खूप वेळ. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं होतं. त्या वेळी ते हसले होते, हे तिला नक्की आठवत होतं. रेणू, डोळे मीट. उचल एक.

लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात. भिशीत काढतात, घरांच्या सोडतीत काढतात, बरोबरीत सुटलेल्या निवडणुकीतही काढतात. लेकराचा हात निष्पाप असतो, ते पक्षपात करत नाही, म्हणून. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला अडचणीच्या वेळी तेवढंच सुचलं होतं. चौकशी लागली असती, पगारवाढ थांबली असती, कदाचित नोकरीही गेली असती. त्यापेक्षा दोन शर्ट, दोन नंबर, आणि आठ वर्षांच्या पोरीचा हात; ती उचलेल तो दहा, उरेल तो अकरा. मग त्यांनी नवं कापड शिवून कार्यालयाचं सील लावलं. तेव्हा ते चालून जायचं. पोरीनं उलटा शर्ट उचलला असेल, तर दोन्ही शर्टांवर ज्याचं त्याचंच रक्त होतं.

तिच्या आवडत्या आठवणीतला खेळ तो होता.

"मॅडम, बरं वाटत नाहीये का?" तौसिफनं विचारलं.

"या अहवालाचं काय होईल?" तिनं विचारलं.

"काही नाही होणार. सील शाबूत आहे. शिक्का खरा आहे. कोणीतरी भाजलं, एवढंच. सील शाबूत म्हणजे आतलं खरं, असा नियम आहे. दौलतच्या वकिलानं पाकीट उघडायचा अर्ज केलाय, कॉलरवर घाम कोणाचा आहे, म्हणजे शर्ट मुळात कोणाचा, ते बघायला. आता ते बघता येतं. पण सीलवर शंका घ्यायला काही कारण तर पाहिजे ना? सोमवारी सुनावणी आहे. फेटाळतील."

कारण एकच होतं, आणि ते टेबलाच्या या बाजूला उभं होतं. यंत्राला गळा ओळखता येत नव्हता, आणि उंदरांनी काय खाल्लं ते लाखेत नव्हतं. ते सगळ्या जगात एका माणसाला ठाऊक होतं.

शुक्रवारी तिनं धांडेमामांना सगळं सांगितलं. धांडेमामा कोर्टाचे पट्टेवाले. दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचं काम त्यांचं, तीस वर्षं. निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्यांनी ऐकून घेतलं, टोपी काढली, परत घातली.

"उंदरं झाली होती त्या साली," ते म्हणाले. "बाबूंनी मला पिंजरे आणायला लावले होते. बोलले काहीच नाही." मग म्हणाले, "पोरी, तुझी नोकरी त्यांच्या नावावर आहे. ते नाव तूच खोडणार? मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नाही."

"मामा, तो येतोय की. रोज येतोय."

मामांनी इकडेतिकडे पाहिलं, नकळत, आणि आवाज खाली आणला. "तू काय ते ठरव. मी ऐकलंच नाही."

घरी तिनं फोन आईपुढे ठेवला आणि काही न सांगता आवाज लावला. तेच दहा. बैस, बैस, बैस. आई गं. गप, गप. आईला फुलबाजी सांग.

या वेळी आईनं उत्तर दिलं नाही. तिनं रेणुकाचा डावा हात ओढून घेतला आणि बोटावरचा डाग अंगठ्यानं चाचपला.

"भर दुपारी आणलं होतं तुले घरी," ती म्हणाली. "मी म्हटलं, दुपारी कोण फुलबाज्या लावते? तर म्हणे पोरीनं हट्ट केला. तू तर हट्ट करत नव्हती कधी." तिनं हात सोडला नाही. "मी विचारलं नाई पुढं. विचारायले पायजे होतं."

रेणुकानं शर्टांचं सांगितलं. दौलतचं सांगितलं, चोवीस वर्षांचं, त्याच्या डोळ्यांचं. आई ऐकत राहिली. देवापाशी दिव्याची वात तडतडत होती.

"सोमवारी मला सांगावं लागेल की बाबांचं बोलणं मी कसं ओळखते," रेणुका म्हणाली. "म्हणजे हे फोनमधलं सगळं द्यावं लागेल. मी चोरून आणलंय ते. घेऊन टाकतील. नोकरीचं काय होईल माहीत नाही."

"घेऊन टाकतील म्हंजे?"

"म्हणजे मग घरात नाही राहणार."

आईचा चेहरा अकरा वर्षांपूर्वी झाला होता तसा झाला. तिला दुसऱ्यांदा विधवा केल्यासारखं रेणुकाला वाटलं आणि तिला स्वतःची चीड आली. मग आई म्हणाली, "एकदा सगळे लाव. पयल्यापासून."

तीनशे बारा सीलं होती. त्या दोघी जेवणसुद्धा विसरून ऐकत बसल्या. आज ऊन आहे बुवा. धांडे, चहा सांग रे. डोकं दुखतंय आज. बैस, बैस, बैस. शेवटचं झालं तेव्हा आई उठली, फोन उचलून तिनं रेणुकाच्या पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली.

"त्या बाईले भाऊ जिता आहे अजून," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी रेणुकानं दौलतच्या वकिलांना गाठलं आणि साक्षीदार म्हणून आपलं नाव द्यायला सांगितलं. ते आधी हसले, मग हसायचे थांबले.

दहा वर्षं तिनं या कोर्टात पुकारे ऐकले होते. टाइप करताना, जेवताना, जिन्यावर. माणसांची नावं तीनदा हवेत जात आणि मग माणसं गडबडीनं चपला सावरत आत पळत. धांडेमामा दारात आले. त्यांनी हातातला कागद वाचला आणि परत वाचला. मग बाकावर बेबीबाईंशेजारी बसलेल्या रेणुकाकडे न पाहता त्यांनी पुकारा केला.

"रेणुका प्रल्हाद राखोंडे हाजिर हो!"

तिन्ही वेळा त्यांनी वडिलांचं नाव खणखणीत घेतलं.

"तुम्ही कायले उठता, बाई?" बेबीबाईंनी गोंधळून विचारलं. "तुमचं काय हाये याच्यात?"

"सांगते," रेणुका म्हणाली. "आत या."

शपथ झाली. तिनं सगळं सांगितलं, उंदरांपासून. तर्जनी वर करून दाखवली तेव्हा न्यायाधीश बाई पुढे वाकल्या. तौसिफ मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. तिनं आवाज चोरल्याचं त्याला आत्ता कळत होतं.

सरकारी वकील उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण काम काम असतं. "आठ वर्षांच्या मुलीला चोवीस वर्षांनी अचानक आठवलं?"

"आठवत होतंच, साहेब. रोज आठवत होतं. खेळ म्हणून आठवत होतं."

"तुमचे वडील हयात नाहीत. तुम्ही त्यांच्यावर एवढा गंभीर आरोप करताय, याची जाणीव आहे ना?"

"माझ्या वडिलांवर माझा जीव होता," रेणुका म्हणाली. "आजही आहे. पण शर्ट मी उचलला. डोळे मिटून उचलला. ते मला सांगायला पाहिजे."

मागे बेबीबाई उभ्या राहिल्या होत्या. पट्टेवाल्यानं त्यांना बसवायला हवं होतं. धांडेमामा जागचे हलले नाहीत. बेबीबाई रेणुकाकडे बघत होत्या, तिच्या बोटाकडे. इतकी वर्षं त्यांनी त्याच हातातून पाण्याचा पेला घेतला होता. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं रेणुकाला वाटलं.

न्यायाधीश बाईंनी बराच वेळ लिहिलं. मग आदेश वाचला. सीलवर शंका घ्यायला पुरेसं कारण आहे. आर्टिकल दहा आणि अकरा इथंच, सगळ्यांसमोर उघडावीत, कॉलरवरच्या घामाच्या तपासणीसाठी नव्यानं सील करून आजच रवाना करावीत. साक्षीदारानं केलेल्या नियमभंगाची चौकशी स्वतंत्र होईल, फोन जमा करावा. आणि नवा मुद्देमाल कारकून नेमला जाईपर्यंत सील करण्याचं काम करायला दुसरं कोणी नसल्यानं ते साक्षीदारानंच करावं.

कात्रीनं कापड कापलं गेलं. दोन शर्ट टेबलावर आले. चोवीस वर्षांत खाकी रंग उडून मातकट झाला होता, डाग तपकिरी. शेजारी शेजारी ठेवल्यावर कोणता कोणाचा ते कोणीच सांगू शकलं नसतं. अख्खं कोर्ट त्या दोन शर्टांकडे बघत होतं.

रेणुकानं नव्या कापडात एकेक शर्ट शिवला आणि दोन्ही पाकिटं एकाच दोरीनं बांधली. धांडेमामांनी न सांगता गाठीवर बोट ठेवलं. "काढा मामा," ती हळूच म्हणाली, आणि तिथं स्वतःचं बोट ठेवलं. मेणबत्तीवर लाख पातळ झाली. गाठ आवळून झाल्यावर तिनं बोट काढलं. थेंब पडला. तिनं पितळी शिक्का दाबला.

आता नियमाप्रमाणे क्रमांक, तारीख, नाव. बाकी कोणी श्वासही मोठ्यानं घ्यायचा नाही. पंखा बंद केला होता. शंभर माणसांचं कोर्ट असं गप्प झालेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"आर्टिकल दहा आणि आर्टिकल अकरा," रेणुका म्हणाली. तिनं तारीख सांगितली. मग परिपत्रकात नसलेलं एक वाक्य तिनं म्हटलं. बाबांनी त्या दुपारी हेच म्हणायला हवं होतं.

"यातलं दहा कोणतं आणि अकरा कोणतं, ते मला माहीत नाही. रेणुका प्रल्हाद राखोंडे."

लाख अजून ओली होती. तीन-चार सेकंद उरले होते. शिक्का तिनं घट्ट धरून ठेवला होता, आणि काही कळायच्या आत तिच्या तोंडून शब्द बाहेर पडले. पातळ, कोरडे, तिच्या गळ्याचे नसल्यासारखे.

"बैस," ती म्हणाली. "बैस, बैस."

धांडेमामांनी झटकन दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. रेणुकानं शिक्का उचलला. लाख बसली होती.